फिरवलेली थाळी

साक्का बुडाला तेव्हा त्याच्या थाळीतला भात अजून गरम होता.

तीन तास गलबत त्याच पाण्यात घिरट्या घालत राहिलं. हाती लागली ती फक्त त्याची टोपी. मग नाखवा कामाउने पुन्हा शिडं भरायला लावली आणि जो तो कामाला लागला. रडलं कोणीच नाही. स्वयंपाकी तोंबोंगला तर काही वाटेनासंच झालं होतं. थाळ्या घासायच्या राहिल्यात, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

दुपारी सगळे जेवत असताना वारा फिरला आणि पुढचं शीड अडकलं. साक्का तोंडातला घास चावतच उठला आणि गलबताच्या नाकाडातून पुढे पाण्यावर गेलेल्या लांब काठीवर गेला. खलाशांची रीत अशी, की भरल्या ताटावरून कोणी उठून गेलं तर बाकीच्यांनी आपापली थाळी अर्धी फिरवायची, म्हणजे जाणारा सुखरूप परततो. सगळ्यांनी फिरवली. तेवढ्यात काठीखालचा पायदोर, ज्यावर पाय रोवून उभं राहायचं तो, सुटला आणि साक्का पाण्यात गेला.

तो दोर सकाळी म्हाताऱ्या बेड्डूने बांधला होता.

"चाळीस वर्षं गाठी मारतोय मी, पुआंग," बेड्डू नाखव्याला म्हणाला.

"आज एक सुटली ना? मकासर बंदरात उतरायचं. परत माझ्या गलबतावर दिसू नकोस."

गलबताशिवाय बेड्डूला दुसरं घर नव्हतं आणि माणूस बुडवलेल्या खलाशाला कोणी कामावर घेत नाही.

तोंबोंग वाकून थाळ्या उचलू लागला. वाढताना मासा तो नेहमी पलीकडच्या काठाला ठेवी. आता प्रत्येक थाळीत मासा जेवणाऱ्याच्या बाजूला आला होता. शेवटची थाळी पुढच्या डोलकाठीपाशी, दोराच्या वेटोळ्यात घट्ट बसलेली होती. ती खलाशी माप्पाची. डोलकाठीला पाठ टेकून तो एकटाच जेवायचा. त्याच्याही थाळीत मासा डोलकाठीच्या, म्हणजे त्याच्याच बाजूला होता.

तोंबोंगने माप्पाला गाठलं.

"साक्का उठला तेव्हा कुठे होतास रे?"

"मघाशी सगळ्यांना सांगितलं ना, खाली तळात होतो. सुतळी आणायला गेलो होतो."

"तो उठायच्या आधीच?"

"कितीतरी आधी. काय डाएंग," वडीलधाऱ्याला हाक मारावी तसं माप्पा म्हणाला, "चूल सोडून पोलिसात भरती झालात की काय?"

तोंबोंग हसला नाही. मालावरच्या ताडपत्रीभोवती त्याने एक चक्कर मारली, एका कोपऱ्याशी थांबला आणि सगळ्यांना हाक मारली.

"पुआंग, ही डांबर लावलेली दोरी ओळखता? पायदोराचं टोक हिनेच आवळलेलं असतं. ती इथे ताडपत्रीला कशी?"

नाखव्याने बेड्डूकडे पाहिलं.

"बेड्डूने नाही काढली," तोंबोंग म्हणाला. "ताडपत्री बांधायचं काम माप्पाचं. दोरी कमी पडली म्हणून याने पायदोराची सोडून आणली; तेव्हा वारा पडला होता, काठीवर कोण जातंय, जेवून पुन्हा बांधू, असं त्याला वाटलं. हा म्हणतो, साक्का उठायच्या आधीच मी खाली गेलो. मग याची थाळी फिरली कशी? आज साक्काशिवाय दुसऱ्या कोणासाठी थाळ्या फिरल्या नाहीत."

"गलबत हललं असेल," माप्पा पुटपुटला.

"दोरात रुतलेली थाळी हलत नाही. तू त्याला जाताना पाहिलंस, माप्पा. थाळी फिरवायला हात उठला तुझा. मग हाक मारायला तोंड का नाही उघडलं?"

माप्पा दोरीकडे बघत म्हणाला, "काल पुआंगनी सगळ्यांदेखत माझा बाप काढला होता. पुन्हा शिव्या खायच्या म्हणून… वाटलं, येईल परत. नेहमी येतोच."

सुकाणू तेवढं करकरत होतं.

"बेड्डू, तू उतरायचं नाहीस," नाखवा शेवटी म्हणाला. तो बेड्डूच्या नजरेला नजर देऊ शकला नाही.

"मला पोलिसात द्या, पुआंग," माप्पा म्हणाला.

"देईन. पण आधी साक्काच्या आईकडे जायचं. दारात मी उभा राहीन, बोलायचं तू."

"पोलिसातच द्या ना, पुआंग," माप्पा म्हणाला आणि तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं.