पाण्याने सोडलेली जागा

कामावर तिला सगळे पाणीवाली म्हणत. जाहिरातींसाठी कॉम्प्युटरवर पाणी तयार करायचं, हेच तिचं काम. लाटा, फेस, तुषार, सगळं खोटं. पण बघणाऱ्याने पाय आखडून घ्यावा इतकं खरं दिसायचं. या वेळी जाहिरात गाडीची होती. पुलावरून पुराचं पाणी वाहतंय आणि त्यातून गाडी ऐटीत पार होते. खरी गाडी आज कोरड्या पुलावर चालवायची होती, पाणी नंतर ती घालणार. गाडी चालवणारा तिचाच धाकटा भाऊ. असल्या जोखमीच्या कामांची त्याला भारी हौस.

"ताई, मी गाडी हाणतो, तू पाणी सोड. बुडवू नकोस म्हणजे मिळवली!" असं चिडवत तो सकाळी घरातून निघाला होता.

तिने कॉम्प्युटरवरच्या गाडीवर पाणी सोडून पाहिलं. सगळं झकास होतं, फक्त चालकाच्या काचेपाशी बुडबुडे येत होते. गाडीच्या सांगाड्यात कुठे फट राहिली की पाणी आत शिरतं, हे नेहमीचंच. तिने पडद्यावरच गाडीचं छप्पर बाजूला सारलं आणि आत पाहिलं.

गाडी काठोकाठ भरली होती. चालकाच्या जागी मात्र पाणी नव्हतं. तिथे माणसाएवढी पोकळी होती. डोकं, मान, स्टिअरिंगवर ठेवलेले हात... आणि किंचित खाली झुकलेला डावा खांदा.

लहानपणी झाडावरून पडल्यापासून धाकट्याचा खांदा तसाच होता.

कॉम्प्युटरच्या पाण्याला आपण सांगू तेवढंच कळतं. तिने पूल सांगितला होता, कठडा सांगितला होता, गाडी सांगितली होती. माणूस सांगितलाच नव्हता. मग हे पाणी वळसा कोणाला घालत होतं?

बुडबुडे येत, थांबत, पुन्हा येत. कोणी श्वास घ्यावा तसे.

तिने फोन लावला. "कुठे आहेस रे?"

"गाडीतच. निघतोय आता. का गं?"

"तिथे... पाणी नाही ना कुठे?"

तो मोठ्याने हसला. "घशाला कोरड पडलीय इथे! तू आपल्या पाण्याकडे बघ, बये."

फोन ठेवते तोच साहेब मागे येऊन उभे राहिले. "हे बुडबुडे अजून आहेतच?"

"साहेब, आत... कोणीतरी बसलंय."

"झोप झाली नाही वाटतं तुमची. हवा अडकलीय ती. पाणी भरा आणि मोकळ्या व्हा. काळ्या काचांआड कोणाला काय दिसतंय?"

तिलाही वाटलं, बुजवून टाकावं. ते अभद्र धाकट्याच्या जागेवरून एकदाचं उठलं तर बरंच. तिने पोकळीत पाणी सोडलं.

पाणी मांड्यांपर्यंत आलं, मग छातीपर्यंत. मग स्टिअरिंगवरचे हात सुटले... आणि काचेकडे गेले. तिने घाईघाईने थांबवायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पाणी चढतच राहिलं. काचेपाशी एक मोठा बुडबुडा फुटला आणि मग सगळं एकसारखं, नितळ झालं.

धाकट्याचा फोन नुसता वाजत राहिला. नंतर साहेबांचा वाजला.

भर उन्हात गाडी पुलाच्या मधोमध थांबली होती. काचा बंद. कपडे कोरडे, सीट कोरडी. डॉक्टर म्हणाले, छाती पाण्याने भरली होती.

दुसऱ्या कोणाला तरी गाडीत बसवून त्यांनी जाहिरात पुरी केली. पाणी मात्र तिचंच ठेवलं. आईजवळ ती यातलं अवाक्षरही बोलली नाही.

एकदा आई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती आणि टीव्हीवर ती जाहिरात लागली. लेक रिमोट शोधेपर्यंत गाडी पाण्यातून वर आली. चालकाच्या काचेवरून पाणी धो धो ओघळत होतं. फक्त तळहाताएवढी एक जागा कोरडी होती. पाणी तिला वळसा घालून जात होतं.

आई हातातला सदरा टाकून उठली. टीव्हीजवळ गेली. नेमका तिथेच तिने आपला तळवा टेकवला.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "किती गार पडलाय याचा हात..."