पेजेवरची फुंकर

कुडाळच्या श्वासविकार रुग्णालयात डॉ. ओवी पेडणेकरचा जीव थाऱ्यावर नव्हता. दंतवैद्य बाई, पण सारखी विषाणूतापाच्या वॉर्डाकडे धावायची. काचेपलीकडे तिचे वडील, आप्पा, होते. दुसऱ्यांदा उलटलेला ताप कालच उतरला होता. तिसऱ्यांदा उलटला तर फुप्फुसं साथ देणार नाहीत, असं डॉक्टरांनी तिला स्पष्टच सांगितलं होतं.

बरे होऊन घरी गेलेले म्हातारे तोच ताप आणि तोंडभर फोड घेऊन परत यायचे. श्वासातला विषाणू पकडणाऱ्या श्वासपारखी यंत्रात फुंकलं की मात्र हिरवा दिवा, म्हणजे श्वास साफ! ते कोडं ओवीनेच सोडवलं. खोट्या दातांवर जिवाणूंचा चिकट थर बसतो, त्यात विषाणू खुशाल दडतो आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो, असं तिने विषाणूतज्ज्ञ डॉ. इंगवलेंना समजावलं.

"मग यंत्राला सापडत कसा नाही?"

"आपण फुंकण्याआधी कवळी काढायला लावतो ना. चोराला बाहेर बसवून घराची झडती घेतो."

आणि तो नियम तिनेच केलेला, लाळेने यंत्र बिघडतं म्हणून. मग सगळ्या कवळ्या जंतुनाशकात बुडाल्या आणि वॉर्ड निवांत झाला. एकटे आप्पा तेवढे पुन्हा आजारी पडले.

इंगवले तिची फिरकी घ्यायचे. आप्पांचे सगळे दात अस्सल, अजून ऊस सोलून खातात, मग त्यांच्यात विषाणू दडला कुठे? ओवी चिडायची. खरं तर ती घाबरली होती.

दुपारी रेश्मा सिस्टरने वाफाळती पेज आणली. ओवीने फुंकर घातल्याशिवाय आप्पा घास घेत नसत. तिला हा ताप येऊन गेलेला, दिवाही रोज हिरवा, म्हणून आत मास्क काढायची मुभा होती. ती यंत्रापुढे उभी राहिली आणि सवयीने हात तोंडाकडे गेला. शाळेत सायकलवरून पडून तुटलेल्या दाताच्या जागी बसवलेला खोटा दात तिने काढला, रुमालात ठेवला आणि फुंकलं. हिरवा.

तिने रुमालाकडे पाहिलं. हा दात तिच्या इतका अंगवळणी पडला होता, की कवळ्या गोळा करताना तो तिला आठवलाच नव्हता.

दात परत बसवून तिने पुन्हा फुंकलं.

लाल.

"सिस्टर, तुम्हीच भरवा," ती मास्क तोंडावर ओढत म्हणाली. "निवू दे आधी. फुंकू नका."

आत आप्पांनी चमचा नाकारला आणि काचेकडे बघून ओठांचा चंबू केला. ओवीने मान हलवली. पोर रुसली असं वाटून त्यांनी मुकाट्याने तोंड उघडलं.