शिट्टी वाजल्यावर

घशात नळी असताना माणसाला बोलता येत नाही. तरी हिंदुराव सूर्यवंशींनी सकाळी उठल्या उठल्या चहा मागितला. गळ्याभोवतीच्या मऊ पट्ट्याने घशाच्या स्नायूंची हालचाल टिपली आणि खाटेशेजारच्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'चहा. साखर जास्त.' मिरजेच्या त्या अतिदक्षता विभागात आता याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. त्यांच्या पत्नी शालनकाकू तेवढ्या पडद्यावर डोळे वटारून म्हणाल्या की मधुमेह नळीच्या आधीपासून आहे, नंतर जाणार नाही. मग पदराने डोळे पुसले. त्या अक्षरांना आवाज नव्हता, आणि काकूंना आवाज हवा होता.

हिंदुरावांनी सगळी नोकरी शाळेत कबड्डी शिकवण्यात घालवली होती. न्यूमोनियाने फुप्फुसं भरली तेव्हा डॉक्टरांनी तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून त्यांना 'सोबती'ला जोडलं. सोबती म्हणजे श्वास देणारं नवं यंत्र. जुनी यंत्रं बरेचदा आपल्या ठेक्यात हवा ढकलायची. हे यंत्र छातीखालच्या श्वासपटलाचा इशारा ओळखून माणूस मागेल तेवढाच श्वास देतं. रोज सकाळी एक बारीक शिट्टी वाजवून ते अर्धा तास मागे सरतं आणि रुग्ण स्वतः श्वास घेतो का ते पाहतं. या परीक्षेत हिंदुराव रोज नापास होत होते. सुरुवातीचे काही श्वास झकास, मग एकदम सामसूम. सोबती धावून येई आणि पडद्यावर लिही : 'श्वासाचा प्रयत्न नाही.'

डॉ. रुबीना मुजावर यांनी काकूंना शेजारी बसवून सगळं समजावलं. फुप्फुसं सुधारली होती. पण नळी राहील तोवर जंतूंना आत उतरायला वाट होती, स्वरतंतू घासले जात होते, आणि आयता श्वास मिळाल्याने श्वासाचे स्नायू दुबळे होत होते. नळी काढावी, तर सोबतीच्या हिशेबाने दहांतल्या सात जणांना ती परत घालावी लागते. आणि सुजलेल्या घशात ती चटकन बसली नाही तर तेवढा वेळ हवाच मिळत नाही. म्हणून उद्या गळ्याला पुढून छिद्र पाडून तिथून नळी बसवायचं ठरत होतं. छिद्र पुढे बुजतं, आवाजही बहुधा परत येतो, असं डॉक्टर म्हणाल्या. काकूंच्या डोक्यात तो 'बहुधा' अडकून बसला.

संमती मागण्याआधी घरच्यांना एकदा खाटेजवळ उभं करून परीक्षा दाखवायची, ही डॉक्टरांची पद्धत होती. शिट्टी वाजली. हिंदुराव औषधांमुळे पुन्हा ग्लानीत गेले होते. श्वास सुरू झाले, मग छाती थांबली. डॉक्टर पडद्याकडे बघत होत्या, पायथ्याशी उभ्या काकू पायांकडे. चादरीखाली उजवा पाय पुढे सरकला, टाच उचलली, पुन्हा सरकला.

"बाई, हे चढाईला गेल्यात," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिली होती. काकूंनी सांगितलं की समोरच्यांच्या अंगणात जायचं ते कबड्डी कबड्डी म्हणत एका श्वासात, आणि परत येईपर्यंत दुसरा घ्यायचा नाही. शिट्टी झाली की निघायचं. घरी कुकरची शिट्टी झाली तरी झोपेत ह्यांचा पाय हलतो, हेही त्यांनी जरा लाजतच सांगितलं. डॉक्टरांनी गळपट्ट्याने निरर्थक म्हणून बाजूला टाकलेले इशारे उघडून पाहिले. ओळीच्या ओळी तीच तीन अक्षरं : क, ब, ड. त्यांना हसू आलं.

त्यांनी शिट्टी बंद करून परीक्षा पुन्हा घेतली. हिंदुराव अर्धा तास स्वतःच्या बळावर श्वास घेत राहिले. सोबती मात्र आधीचे सगळे दिवस विसरायला तयार नव्हता. त्याने धोका सातावरून चारावर आणला आणि तिथेच अडून बसला.

"काकू, मला वाटतं नळी आजच काढावी. पण यंत्र चुकलं तशी मीही चुकू शकते," डॉक्टर म्हणाल्या.

"लागलंच तर परत घालाल न्हवं?"

"घालेन. पण लगेच जमेलच अशी खात्री देत नाही."

काकू बराच वेळ नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "काढा."

नळी जागेवर धरणाऱ्या फुग्यातली हवा काढली आणि नळी अलगद बाहेर ओढली. हिंदुराव खोकले, ठसकले, श्वास घेऊ लागले. डॉक्टर हसणार तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या सोबतीने आपल्या रुग्णासाठी शिट्टी वाजवली. त्याचा विचार कुणीच केला नव्हता. हिंदुरावांची छाती थांबली. उजवा पाय पुढे सरकला. डॉक्टरांनी दोनदा हाक मारली, खांदा हलवला. उपयोग झाला नाही. रक्तातल्या प्राणवायूचा आकडा उतरू लागला आणि डॉक्टरांनी नवी नळी हातात घेतली.

काकूंनी वाकून नवऱ्याचा घोटा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि आपल्याकडे ओढला.

"धरलंय तुमाला," त्या कानापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या. "बाद झालाय. आता घ्या श्वास."

पाय दोनदा झटकला गेला. काकूंनी सोडला नाही. मग हिंदुरावांची छाती फुगली आणि एक मोठा, घरघरता श्वास आत गेला. त्याच्यामागून दुसरा. डॉक्टरांनी नळी खाली ठेवली.

थोड्या वेळाने हिंदुरावांनी डोळे उघडले. आवाज पार बसला होता, पण होता.

"कुणी धरलं?"

"मी."

"मग कसला सुटतोय," ते म्हणाले आणि शांत झोपले. काकू घोटा धरूनच रडल्या. आता मोकळेपणी रडायला हरकत नव्हती.

पलीकडच्या खाटेवर एक म्हाताऱ्या बाई होत्या. परीक्षा आटोपून त्यांच्या सोबतीने पडद्यावर रोजचीच ओळ लिहिली होती : 'श्वासाचा प्रयत्न नाही.' डॉ. रुबीना त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्टूल ओढलं, बाईंच्या लेकीजवळ बसल्या आणि इतक्या दिवसांत न विचारलेलं विचारलं, "तुमची आई आयुष्यभर काय काम करायची?"