सतरा नंबरातली चप्पल

"नूतन, पळ! बायजाकाकूच्या वरकसात लाल झेंडे लागलेत!" रितेश ओरडतच आला.

नूतनने ओंजळीतली करवंदं तिथेच टाकली. मुंबईहून सुट्टीला आलेला तिचा आतेभाऊ निकेतही धावला. टेकाडावरच्या त्या हलक्या, मुरमाड जमिनीत बायजाकाकू एक झेंडा उपटत होती.

"म्हनं पडीक! पाऊस पडला की नाचणी लावनार हाय मी हितं. आन् हे उद्या मोगली एरंडाचे खड्डे खननार!"

मोगली एरंडाच्या बियांच्या तेलावर गाड्या चालतात. तो लावायला टेकाडावरच्या कोरड्या, पडीक जमिनींचा नकाशा नुकताच तयार झाला होता.

"कुठल्या गाढवाने हे पडीक ठरवलं, शोधू या!" निकेतचे डोळे चमकले.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा नि फोटो लावले होते. निकेत बोट फिरवत म्हणाला, "सतरा नंबर, काकूचं. अरे! कोपऱ्यात निळी चप्पल! अठरातही तीच! एकोणिसातही! रितेश, तुझ्यासारखीच की रे!"

रितेशने पाय मागे घेतला. नूतनचा चेहरा पडला. गाढव सापडलं होतं, आणि एक नव्हे, दोन!

या जमिनींच्या सर्वेच्या साहेबांनी आपलं काम एप्रिलात नूतन आणि रितेशवर ढकललं होतं. प्रत्येक तुकड्यात जायचं, मालकाला विचारायचं, मोबाइलवर फोटो काढून खूण करायची. पण त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता! रितेशने चप्पल समोरच्या दगडावर काढली, आणि आंब्याखाली बसूनच फोन थोडा थोडा वळवत दोघांनी बारा तुकडे उरकले. सगळे पडीक!

"गप्प बसू या," रितेश कुजबुजला. "साहेबांनी तपासायला नको?"

दुपारी ग्रामसभेत साहेब ऐटीत म्हणाले, "प्रत्येक जागा मी स्वतः पायी फिरून पाहिलीय!"

त्यांचं खोटं उघडं पाडायचं, तर आपलंही उघडं पडणार! तरी नूतन उभी राहिली. "साहेब, मग सतरा नंबरात चप्पल कुणाची?"

"चप्पल? असेल... माझीच!"

"घालून दाखवा!" निकेतने रितेशची चप्पल टेबलावर ठेवली. साहेबांची टाचही तिच्यात मावली नसती! सभेत हशा पिकला.

मग नूतनने सगळं सांगून टाकलं. सरपंच केसरताईंनी खड्डे थांबवले. "साहेब, आता मालकांना विचारत पायी फिरा! आणि शाबास, पोरी! खरं बोलायला धाडस लागतं."

टाळ्या वाजल्या. नूतनला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

बाहेर बायजाकाकू थांबली होती. "रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजलेला व्हता मी. काळा चौकोन. न्हाय दिसला तुला?"

"दिसला होता, काकू." नूतनची मान वर होईना. "राब भाजला म्हणजे नाचणी होणार, तेही ठाऊक होतं."

काकूने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "मला सांगितलंस. अकरा दारं ऱ्हायली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच नूतन अठरा नंबरवाल्यांच्या दारात उभी होती. मागे रितेश होता, अनवाणी. त्याची चप्पल अजून पंचायतीच्या टेबलावर होती, आणि ती मागायची त्याला लाज वाटत होती.