सरदार शिकारीला गेलाय

अनादि अनंत काळाला आजवर एकाच व्यक्तीने मुठीत ठेवलं. सम्राटांना ते जमलं नाही, ऋषिमुनींना जमलं नाही, चंद्रावर जायला निघालेल्यांनाही अजून जमायचं होतं. ते जमलं थेल्मा ऑस्ट्रँडर हिला. वय बावन्न, दोन्ही गुडघे दुखरे, आणि हा सगळा पराक्रम ती एका घडीच्या खुर्चीवर बसून करत असे. त्या खुर्चीचा एक पाय आखूड असल्यामुळे काळाचा तोल सांभाळताना तिला स्वतःचाही सांभाळावा लागे.

थेल्मा कंटिन्युइटी बघायची. सिनेमात शेवट आधी चित्रित होतो, सुरुवात मागून, आणि मधलं कधी जमेल तेव्हा. सोमवारी नटाच्या हातातलं सफरचंद अर्धं खाल्लेलं असेल, तर गुरुवारी तेच सफरचंद त्याच बाजूने तेवढंच खाल्लेलं हवं. प्रत्येक शॉट झाला की थेल्मा झटपट फोटोच्या कॅमेऱ्याने एक फोटो काढायची, कागद ओढून बाहेर घ्यायची, स्टॉपवॉचवर साठ सेकंद मोजायची, वरचा पापुद्रा सोलायची आणि वहीत चिकटवायची. पुढचा शॉट लावताना कुणी वाद घातला, तर ती वही उघडून दाखवायची. तिचा कायदा एका ओळीचा होता : फोटोत आहे तसं सेटवर. पंधरा वर्षांत हॉलिवुडमधल्या कुणाचीही त्यापुढे बोलायची छाती झाली नव्हती.

एकोणीसशे सहासष्टच्या त्या ऑक्टोबरात ती नऊ नंबरच्या स्टेजवर ‘कॅप्टन, घड्याळ बघा!’ या विनोदी मालिकेचं काम करत होती. दोन अंतराळवीरांचं यान चुकून काळाच्या पलीकडे जातं आणि अश्मयुगात एका गुहेपाशी आदळतं, एवढी कथा. बाकी सगळं आरडाओरडा आणि आपटणं. गुहा प्लायवूड, गोणपाट आणि प्लॅस्टरची होती. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत मोजून आठ फूट. भिंतीच्या मागच्या बाजूला ‘फर्स्ट नॅशनल बँक’ असं लिहिलेलं होतं, कारण ते प्लायवूड आधी एका दरोड्याच्या सिनेमात कामाला आलं होतं.

गुहेतल्या टोळीचा सरदार उंबा म्हणजे लू पिन्स्कर. एकसष्ट वर्षांचा, ढेरपोट्या, नाटक कंपन्यांमधून पायऱ्यांवरून गडगडत इथवर आलेला विदूषक. शेकोटीपाशी अस्वलाच्या कातड्यावर सोटा धरून बसायचं आणि अंतराळवीर काही बोलले की “उंबा नाही समजला” म्हणायचं, हे त्याचं काम. थेल्माला तो मास्तरीणबाई म्हणायचा. त्या दोघांची ओळख सव्वीस वर्षांची होती, आणि एवढ्या वर्षांत त्याने एकदाही हातातली वस्तू आदल्या शॉटमधल्या हातात धरली नव्हती.

म्हणून त्या मंगळवारी तिने फोटो सोलला तेव्हा ती मनातल्या मनात चरफडली. सोटा डाव्या हातात होता. शॉटमध्ये तिने उजव्यात पाहिला होता.

“लू, सोटा डाव्या हातात.”

“उजव्यात होता, मास्तरीणबाई. आयुष्यात पहिल्यांदाच मला नक्की आठवतंय.”

“फोटो बघ.”

लूने फोटो पाहिला, खांदे उडवले आणि सोटा डाव्या हातात घेतला. “उंबा नाही समजला,” तो म्हणाला. दिवे धरणारे हसले.

बुधवारी सकाळी तो उजवं मनगट बांधून आला. रात्री न्हाणीघरात साबणावरून पाय घसरला होता. “बरं झालं कालच हात बदलायला लावलास,” तो म्हणाला, “नाहीतर आज सगळ्या टोळीची पंचाईत होती.”

थेल्माही हसली. योगायोग तिला आवडत नसत, पण ती त्यांची नोंद ठेवत नसे. वहीत तसा रकानाच नव्हता.

गुरुवारच्या फोटोत लूच्या डाव्या भुवईवर जखम होती. चार टाके.

थेल्माने मान वर करून पाहिलं. शेकोटीपाशी लू बसला होता, कपाळ रंगवलेलं, भुवई धड. तिने पुन्हा फोटोकडे पाहिलं. टाक्यांचे काळे दोरे मोजता येत होते.

तिने मेकअपवाल्या इनेझला बोलावलं. “ही जखम तू लावलीस?”

“मी? मी सकाळी याला दाढी चिकटवली, चिखल फासला आणि सोडला. असलं बारीक काम इथे कोण करतंय, बाई?”

दिग्दर्शक वॉर्ड कोल्बी दोन पावलांवर घड्याळ बघत उभा होता. त्याला दिवसाला अकरा पानं संपवायची होती. त्याने फोटोवर नजर टाकली. “फोटोत आहे ना? मग लाव. सरदाराला जखम शोभूनच दिसते. थेल्मा, डार्लिंग, एका भुवईपायी माझा सूर्य मावळवू नकोस.”

स्टेज नऊला खिडकीच नव्हती. सूर्य मावळतोय की उगवतोय, हे तिथे कुणालाच कळत नसे. पण कायदा तिचाच होता. तिने मान हलवली, आणि इनेझने डाव्या भुवईवर चार टाके रंगवले, अगदी फोटोतल्यासारखे.

शुक्रवारी लू इनेझच्या खुर्चीत बसला आणि त्याने टोपी काढली. भुवईवर चार टाके. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार.

“आज तुझं काम मीच करून आणलंय,” तो इनेझला म्हणाला.

इनेझच्या हातातला स्पंज खाली पडला. तिने गळ्यातला क्रॉस चाचपला आणि ती कॉफी आणायला म्हणून जी गेली ती पाऊण तास आली नाही.

थेल्मा विचाराने चालणारी बाई होती. तिने कॅमेरा बदलला. मग फिल्म बदलली. मग स्टेजबाहेर जाऊन उन्हात डोनटचा फोटो काढला. डोनट जसाच्या तसा आला. दोन मिनिटांनी तो कुणीतरी खाल्ला, पण ते भविष्य फोटोशिवायही सांगता आलं असतं. तिने अंतराळवीरांचे फोटो काढले, कोल्बीचा काढला, रिकाम्या शेकोटीचा काढला. सगळे निमूटपणे जसेच्या तसे आले. लूचेही गुहेबाहेर सरळ येत. फक्त गुहेत, फक्त त्या कातड्यावर बसलेला लू वेगळा येई. त्याच्या मागचा काळोखही आठ फुटांचा वाटत नसे. त्या दिवशी वहीत तिने लिहिलं : ‘मागची भिंत? दिसत नाही.’ तिच्या वह्यांमधलं हे पहिलं प्रश्नचिन्ह.

पुढच्या मंगळवारी सकाळी साडेदहाला तिने नेहमीसारखा फोटो काढला. काढताना लू समोर बसून कान खाजवत होता. साठ सेकंद. तिने पापुद्रा सोलला.

कातडं होतं. शेकोटी होती. लू नव्हता.

कातड्यावर बसल्याचा खळगा होता, नुकतंच कुणी उठल्यासारखा.

थेल्माने तो फोटो वहीत चिकटवला नाही. ब्लाउजच्या खिशात घातला. मग लूला दंडाला धरून कॉफीच्या टेबलामागे नेलं आणि दाखवला.

लूने बराच वेळ पाहिला. “माझी हीच बाजू चांगली येते,” तो म्हणाला. आणि त्याने कपात आणखी एक चमचा साखर घातली.

“लू, मी चेष्टा करत नाहीये.”

“ठाऊक आहे गं. सव्वीस वर्षांत केलीस कधी?” त्याने कप खाली ठेवला. “मनगट झालं. भुवई झाली. आता हा फोटो म्हणतोय, मी सगळाच जाणार. सेडीला सांगू नकोस. बायको मला आधीच जिना चढू देत नाही.”

“कुणी कुठे जात नाही. ऐक. आधीचे दोन्ही फोटो आपण सेटवर जुळवले, आणि मग ते तुझ्या अंगावर आले. म्हणजे फोटोला जे हवं ते तो घेतोच. याला काय हवंय?”

“मी नको आहे.”

“रिकामी जागा हवी आहे. एवढंच. रिकामी जागा म्हणजे मेलेला माणूस, असं कुठे लिहिलंय? घरी गेलेल्या माणसाचीही जागा रिकामीच असते. तू घरी जा, मी शॉट जुळवते. फोटोचं समाधान, तुझंही.”

“तू वकील व्हायला हवी होतीस.”

“वकिलांना बसायला चांगल्या खुर्च्या असतात. चल.”

कोल्बीला पटवायला दोन मिनिटं पुरली. सरदार नसेल तर दीड पान वाचत होतं. त्याने तिथल्या तिथे लेखकाला बोलावलं. लेखकाने पेन्सिल कानामागून काढली आणि अंतराळवीराच्या तोंडी एक वाक्य घातलं : “सरदार कुठे दिसत नाही तो?” त्यावर टोळीतल्या बाईने म्हणायचं : “सरदार शिकारीला गेलाय.” लेखकाला हे फार विनोदी वाटलं. त्याचं कारण त्याने कुणाला सांगितलं नाही.

थेल्मा लूला गाडीपर्यंत सोडायला गेली. बाहेर वाळवंटावरून येणारा गरम वारा सुटला होता आणि कागदाचे कप आवारभर पळत होते. लूने चेहऱ्यावरचा चिखल अर्धाच पुसला होता.

“सरळ घरी. मधे कुठे थांबू नकोस. पोचलास की झोप काढ.”

“आणि उद्याच्या फोटोत?”

“उद्या मी कॅमेरा घरी विसरणार आहे.”

लूने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने लग्न मोडल्याचं सांगितलं होतं. “मास्तरीणबाई,” तो म्हणाला, “माझ्यासाठी एवढं?” गाडी सुरू झाली. ती फाटकातून बाहेर पडेपर्यंत थेल्मा उभी राहिली. सवयीने तिने वेळ टिपली. बारा वाजून आठ मिनिटं.

जेवणानंतर ती स्वतः गुहेत गेली. खिशातला फोटो समोर धरून तिने कातड्याची घडी जुळवली, सोटा बाजूला ठेवला आणि खळगा पाडण्यासाठी दोन्ही हातांनी मध्ये दाबलं.

खळगा आधीच पडलेला होता.

कातडं उबदार लागलं. वर दिवे असतात, ती मनाशी म्हणाली. दिवे अजून लावले नव्हते.

शॉट चौथ्या प्रयत्नात झाला. टोळीतली बाई सांगितल्याप्रमाणे म्हणाली, “सरदार शिकारीला गेलाय,” आणि दिवे धरणारे आज हसले नाहीत.

“कट! छान!” कोल्बी म्हणाला. “थेल्मा, फोटो घे आणि सोडू या.”

तिने कॅमेरा उचलला. आज हा एकच फोटो काढला नाही तर? पण चाळीस माणसं तिच्याकडे बघत होती, आणि जागा रिकामी होती. रिकाम्या जागेचा फोटो काढायला कसली भीती.

तिने बटण दाबलं. कागद ओढला. स्टॉपवॉच सुरू केलं.

भिंतीवरचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला. स्टेजवर फोनला घंटा नसते, दिवा असतो. कुणीतरी फोन घेतला आणि रिसीव्हर तिच्याकडे धरला. “थेल्मा, तुझा. सेडी पिन्स्कर.”

वीस सेकंद.

“थेल्मा? बरी आहेस ना गं? आमचे साहेब अजून तिथेच आहेत का?”

“लू बाराला निघाला, सेडी. मी स्वतः सोडलं.”

“गाडी आली. साडेबारापासून दारात उभी आहे, इंजिनसुद्धा चालूच ठेवलेलं. मीच जाऊन बंद केलं. हा नाही. मला वाटलं, कुणाबरोबर गाडी पाठवून दिली आणि स्वतः पत्ते कुटत बसला.”

“गाडी कुणी आणली?”

“मी काय खिडकीत बसते का गं दिवसभर?”

चाळीस.

“शेजाऱ्यांना विचारलंस?”

“कशाला? तो तिथेच असणार. मागून आवाज येतोय की त्याचा.”

थेल्माने मागे वळून पाहिलं. माणसं वायरी गुंडाळत होती. कुणी बोलत नव्हतं.

साठ.

तिने एका हाताने पापुद्रा सोलला.

लू कातड्यावर बसला होता.

दाढी छातीपर्यंत आली होती. पांढरी. लूला इनेझ रोज सकाळी काळी दाढी डिंकाने चिकटवत असे, ही तशी नव्हती. ढेरी नव्हती. बरगड्या मोजता येत होत्या. अंगाखालच्या कातड्यावरचे केस झिजून गेले होते आणि त्याला भोकं पडली होती, जशी एकाच जागी वर्षानुवर्षं बसल्यावर पडतात.

मागे भिंत नव्हती.

त्याने एक हात डोळ्यांवर आडवा धरला होता, फार दिवसांनी उजेड पाहणाऱ्या माणसासारखा. दुसरा हात पुढे केला होता. कॅमेऱ्याकडे. तिच्याकडे.

कोल्बी तिच्या खांद्यावरून डोकावला. “हे काय, लू आहे की यात!” तो म्हणाला. “मग आपला शॉट चुकला, थेल्मा. फोटोत आहे तसं करावं लागेल.”

रिसीव्हर कानालाच होता.

“ऐकलं मी,” सेडी म्हणाली. “म्हणजे आहे तिथेच. बरं, हातातलं काम झालं की सांग त्याला, येताना अर्धा डझन अंडी आण म्हणावं.”