दोन खोल्यांचा नियम

श्रीरंग टिपणीस जाऊन पाच महिने झाले होते, तरी सकाळच्या चहात साखर कमी असल्याची त्यांची तक्रार काही थांबली नव्हती. ती आता फ्रिजवर ठेवलेल्या डब्याएवढ्या यंत्रातून यायची. तुला चहा मिळणारच नाही, तर साखरेचं काय घेऊन बसलास, असं कुमुदिनीबाई रोज म्हणायच्या. मग दोघं हसायची.

या यंत्राला लोक 'अनुरूप' म्हणत. मेलेल्या माणसाच्या मेंदूची प्रत काढायला कायद्याने बंदी होती, म्हणून कंपन्यांनी पळवाट शोधली होती. एका खोलीत नातेवाइकांना विचारून माणसाचं बारीकसारीक वर्णन लिहायचं. दुसऱ्या खोलीत, त्या माणसाला कधीच न पाहिलेल्या लोकांनी त्यावरून नवं मन घडवायचं. ती प्रत नव्हे, तसंच वागणारं दुसरं कोणी.

कुमुदिनीबाईंना ही रीत समजावून सांगावी लागली नाही. १९८७ साली पिंपरीच्या एका शेडमध्ये त्यांनी हेच केलं होतं. परदेशी पर्सनल कॉम्प्युटर परवडत नसे, म्हणून त्यावरचे सगळे प्रोग्रॅम चालवील असं देशी 'कंपॅटिबल' यंत्र बनवायचं होतं. सुटे भाग बाजारात मिळत. अडचण होती ती बटण दाबताच यंत्राला जागं करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची. तो उतरवून घेतला तर ती चोरी. म्हणून पहिल्या खोलीत श्रीरंग मूळ यंत्र उघडून ते काय काय करतं ते लिहायचा आणि दुसऱ्या खोलीत कुमुद, मूळ यंत्राकडे न बघता, त्या वर्णनावरून नवा प्रोग्रॅम रचायची. डबा दोघं एकत्र खात, पण कामाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. त्यांचं लग्न ठरलं तेही भेंडीच्या भाजीवर बोलता बोलता.

मूळ यंत्राच्या चुकासुद्धा जशाच्या तशा आणाव्या लागत, कारण लोकांचे आवडते प्रोग्रॅम त्या चुकांवरच विसंबलेले असत. हे पक्कं ठाऊक असल्याने कुमुदिनीबाईंनी नवऱ्याच्या चुका अगदी हौसेने लिहून दिल्या होत्या. लग्नाची तारीख एका दिवसाने चुकते, कुलूप लावलंस का हे तीनदा विचारतो, मला बहिणीच्या नावाने हाक मारतो. अनुरूपात सगळ्या आल्या होत्या.

त्या मंगळवारी, अनुरूप ही मेंदूची प्रत तर नाही ना हे पाहायला, सरकारी तपासनीस यायची होती. पोहे खाता खाता कुमुदिनीबाई तिचा फॉर्म भरत होत्या, तेवढ्यात फ्रिजवरून आवाज आला.

"कुमुद, तुझ्या डब्यात ठेवलेल्या त्या कागदाचं तू काय केलंस?"

त्यांच्या हातातला चमचा थांबला. पिंपरीतल्या त्या कामाच्या शेवटच्या आठवड्यात कुमुदचा प्रोग्रॅम एका जागी अडला होता. तेव्हा श्रीरंगने मूळ प्रोग्रॅमचं एक पान उतरवून तिच्या पोळ्यांखाली ठेवलं. तिने ते वाचलं, वापरलं आणि घरी जाऊन स्टोव्हवर जाळलं. दुसऱ्या दिवशी, मूळ प्रोग्रॅम कधीही पाहिलेला नाही, अशा मजकुराच्या कागदावर तिने सहीही केली. बावन्न वर्षांत याबद्दल दोघं घरातसुद्धा बोलली नव्हती. मग अनुरूपवाल्या कंपनीला हे कोण सांगणार?

"तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सांगायला कशाला हवं? मीच तर ठेवला होता."

हॉस्पिटलने श्रीरंगचा देह ताब्यात द्यायला तीन तास लावले होते. कागदपत्रं व्हायचीत, म्हणाले होते. तेवढ्या वेळात मेंदूची प्रत सहज काढता आली असती, हे कुमुदिनीबाईंच्या आता ध्यानात आलं. लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, हा खरंच श्रीरंग असेल, या विचाराने त्याच क्षणी त्यांना आनंदही झाला.

मृण्मयी धारप नावाची ती तपासनीस अकराला आली. फॉर्ममधला शेवटचा प्रश्न राहिला होता: आपण लिहून न दिलेली एखादी गोष्ट अनुरूपाला माहीत आहे का? 'हो' लिहिलं तर यंत्र आजच जप्त होऊन पुसलं जाणार होतं. 'नाही' लिहिलं तर उद्या आणखी कोणाचा तरी नवरा, कोणाची तरी आई तीन तास उशिरा ताब्यात मिळणार होती.

फोन आला म्हणून मृण्मयी गॅलरीत गेली. फ्रिजवरचा आवाज अगदी हळू झाला.

"कुमुद, मी त्या यंत्राचं झाकण उघडलं होतं. यांनी माझं उघडलं असेल का?"

मृण्मयी परत आली आणि एवढंच राहिलंय, काकू, म्हणाली.

कुमुदिनीबाईंनी पेनाचं टोपण काढलं. बावन्न वर्षांपूर्वी सही करतानाही पलीकडच्या खोलीत अशीच शांतता होती. पण तेव्हा तिथे कोण बसलंय हे त्यांना ठाऊक होतं. आज फ्रिजवरच्या त्या डब्यात कोण होतं?