‘उ’ कशाचा?

तो शिडीवर उभा होता आणि मी खालून ओरडत होते… आमची पहिली भेट ही अशी.

“आधी खाली उतरा! हा उ कशाचा काढलात?”

आमच्या गावच्या शनवारा भागातल्या टॉकीजच्या दारावर नवं पोस्टर लागलं होतं. त्यावर एक मुलगा, एक शेळी, आणि कोपऱ्यात लालभडक, परातीएवढा ‘उ’.

त्यानं वाकून पाहिलं. ब्रश दातांत, कपाळावर पिवळा ठिपका. मेल्याचे डोळे हसरे होते, हे मला रागातही दिसलं.

“सर्टिफिकेटचा आहे, बाई.”

“त्या उ-पायी माझ्या चाळीस पोरींचा सिनेमा बुडाला!”

बुडालाच होता. मी कोकिळा, मुलींच्या शाळेत चौथीला शिकवते. बावन्न साल उजाडलं तरी माझ्या वर्गातल्या एकीनंही सिनेमा पाहिला नव्हता. महिनाभर मागं लागून मी मोठ्या बाईंना पटवलं, आणि नेमकं रंभाबाईंनी हे पोस्टर पाहिलं. रंभाबाई म्हणजे माझ्या वर्गातल्या शोभाची आई. चार जणींना घेऊन त्या शाळेत थडकल्या. “उ म्हंजे उघडंवाघडं! पोरीले हे दाखवता का व माय?” मोठ्या बाई घाबरल्या. म्हणाल्या, रविवारच्या आत आयांचा होकार आणा, नाहीतर या शाळेत पुन्हा सिनेमाचं नाव काढायचं नाही.

हे सगळं मी त्याला ऐकवलं, तर तो इतका हसला की शिडी हलली.

“हसू नका!”

“नाही हसत…” आणि पुन्हा हसला. मग खाली उतरला, हात पुसले. नाव लीलाधर. टॉकीजचे सगळे बोर्ड तोच रंगवायचा.

“हे बघा बाई, मुंबईला सेन्सॉरचं मंडळ बसतं. चार-पाच जण, त्यात बायकाही असतात हां! अख्खा पिक्चर पाहतात. मग वाद घालतात. हे पोरांनी बघावं का, ते कापावं का… सगळ्यांना चालेल त्याला यू, फक्त मोठ्यांना चालेल त्याला ए. कायदाच नवा आहे.”

“मग यू लिहायचं!”

“इंग्रजी इथं कोण वाचतं? पुट, पुल, फुल… यूचा आवाज ‘उ’च झाला ना?”

“अगंबाई! आणि एचा अ?”

“हो ना! मागं एकदा अ लावला, तर एक मास्तर विचारत आले, अ तुकडीच्या पोरांना तिकीट माफ आहे का?”

मला भांडायचं होतं हो, पण हसूच फुटलं. आणि मी हसले तसा तो माझ्याकडे बघतच राहिला…

“मतलब, मंडळच पाहिजे ना?” तो म्हणाला. “मग इथंच बसवू. मॅनेजरला मी पटवतो.”

शनिवारी भर दुपारी पाच आया पुढच्या रांगेत बसल्या, मधोमध रंभाबाई. तीन रांगा मागं मी, आणि एक खुर्ची सोडून तो. त्यानं पानात बांधून गरम मावा जिलबी आणली होती.

“ही लाच झाली,” मी कुजबुजले.

“त्यांना लाच. तुम्हाला नाही.”

“मग मला काय?”

“तुमचं… तुमचं वेगळं आहे.”

माझे कान तापले. बरं तर बरं, दिवे मालवले होते.

पडद्यावरचा मुलगा आईशी खोटं बोलला तशी रंभाबाई ओरडल्या, “लबाड मेला!” मग शेळी हरवली आणि पाची जणींचे पदर डोळ्यांना लागले. दिवे लागल्यावर जुंपली! एक म्हणे, खोटं बोलणं पोरी शिकतील. रंभाबाई उसळल्या, “अव, तो खोटं बोलला अन् मंग रडला बी! आपले पोट्टे रडते का कधी?”

माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

“पास!” रंभाबाईंनी सांगून टाकलं. “फक्त लांडगा आला का पोरीहिनं डोये मिटायचे.” मग माझ्याकडे वळल्या. “अन् मास्तरीणबाई, लांडगा आला तवा म्या मांगं पाह्यलं, तुमी कुठं पाहून राह्यल्या होत्या? पडदा तर समोर होता!”

पाची जणी खो-खो हसल्या. लीलाधर पानातली उरलेली जिलबी मोजायला लागला, आणि मी जमिनीकडे पाहत उभी राहिले.

रविवारी चाळीस पोरी लाल रिबिनी बांधून रांगेत आल्या. लांडगा आला, चाळीस जणींनी डोळ्यांवर हात घेतले आणि बोटांच्या फटीतून सगळ्यांनी तो पाहिला. शेळी सापडली तेव्हा तर टॉकीज डोक्यावर घेतलं. मला इतका आनंद झाला की रडू आवरेना.

तो आज मधली खुर्ची न सोडता बसला होता.

“शेवट कसा वाटला, बाई?”

“पाहिला नाही.”

“दोनदा येऊन?”

“दोनदा येऊनही नाही. तुमच्याकडेच बघत होते. काय करू?… आवडता तुम्ही मला.”

इतका बोलका माणूस, पण रंगानं माखलेली बोटं नुसती सदऱ्याला पुसत राहिला.

“मग मी… आता मी काय करायचं?”

“माझ्या वडिलांना येऊन भेटायचं. धुतलेला सदरा घालून.”

“कधी येऊ?”

“लवकर या,” मी म्हणाले. “बारा दिवसांनी पौष लागतो.”